एका बेटावरची दोन हृदये

निसर्गाच्या आवाजांतून मनःस्वास्थ्य देऊ करणाऱ्या ध्वनिकलेचा हल्ली बराच बोलबाला आहे. लाटा, पाखरे, पानांतला वारा यांनी श्रोत्याला चहूबाजूंनी वेढून टाकायचे आणि घटकाभर त्याच्या विवंचनांपासून दूर न्यायचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप. या कलेत बेट वारंवार यावे हे स्वाभाविकच होय. गजबजाटापासून तुटलेली निर्मळ जागा अशीच बेटाची प्रतिमा आपल्या मनात असते. मात्र ती निर्मळता आली कोठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जपानमधील तेशिमा या बेटाच्या निमित्ताने तो विचारावा असे आम्हांस वाटते.

होन्शू आणि शिकोकू यांच्यामधल्या सेतो अंतर्गत समुद्रात हे लहानसे बेट आहे. ज्या चिन्हांनी त्याचे नाव लिहितात त्यांचा अर्थ 'समृद्ध बेट'. तेथे पूर्व किनाऱ्यावर फ्रेंच कलावंत क्रिस्तियाँ बोल्तान्स्की (१९४४-२०२१) यांचे हृदयस्पंदनांचे संग्रहालय २०१० साली उघडले. २००८ पासून जगभर ध्वनिमुद्रित केलेले माणसांच्या हृदयाचे ठोके तेथे जपले आहेत. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा. ठोक्यागणिक तो उजळतो आणि मंदावतो. येणाऱ्याला स्वतःचे ठोकेही नोंदवता येतात. बाहेर समुद्र असतो, पण ही कलाकृती श्रोत्याला जोजवत नाही. अनोळखी माणसाचे हृदय इतक्या जवळून ऐकताना त्याच्या मर्त्यतेचे भान टळत नाही. वर्षे लोटतील तसतसा हा संग्रह अधिकाधिक मृतांचा होत जाणार. मनःस्वास्थ्याच्या तयार ध्वनिमुद्रिकांहून ही कृती श्रेष्ठ ठरते ती यामुळेच.

याच बेटाच्या पश्चिम टोकाला १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून औद्योगिक कचरा बेकायदा आणून टाकला जात होता. भंगार मोटारींचा चुरा, तेल, गाळ. त्यातले पुष्कळ उघड्यावर जाळलेही जाई. १९९० साली पोलिसांचा छापा पडला तेव्हा हा प्रकार थांबला. कचरा हटावा म्हणून रहिवाशांना पुढे आणखी दहा वर्षे झगडावे लागले. २००० साली समझोता झाला आणि प्रांताच्या राज्यपालांनी त्यांची माफी मागितली. शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन प्रक्रिया केलेला हा कचरा नऊ लाख टनांहून अधिक भरला; ते काम २०१७ पर्यंत चालले. त्या जागी रहिवाशांनी या लढ्याचे एक संग्रहालय उभे केले आहे. त्याच्या नावातही 'हृदय' आहे.

जपानीत हृदयासाठी दोन शब्द आहेत. 'शिन्झो' म्हणजे छातीतला अवयव, तर 'कोकोरो' म्हणजे अंतःकरण. बोल्तान्स्कींच्या संग्रहालयाच्या जपानी नावात पहिला शब्द येतो, रहिवाशांनी दुसरा निवडला. मराठीतले 'हृदय' दोन्ही अर्थ वाहते. त्यामुळे या बेटावर हृदयाची दोन संग्रहालये आहेत, असे आपण सहज म्हणू शकतो.

यावर एक आक्षेप येईल. कलावंताने ठोके ऐकवले. कचऱ्याचा इतिहास सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर का टाकावी? आक्षेप रास्त आहे, आणि ती जबाबदारी आम्ही कलाकृतीवर टाकीत नाही. ती ऐकणाऱ्याची आहे, त्याहून अधिक अशा कलेचा अर्थ लावणाऱ्याची. पाणवठ्याचे रमणीय वर्णन वाचताना तेथे कोणाला मज्जाव होता हे विचारायला दलित साहित्याने मराठी वाचकाला शिकवले. त्या प्रश्नाने वर्णनाचे सौंदर्य उणावले नाही. वाचन मात्र प्रौढ झाले. निसर्गध्वनींच्या बाबतीत आपले कान अजून तेथवर पोहोचलेले नाहीत.

तेशिमावर आज ऐकू येणारी शांतता तेथल्या माणसांनी भांडून मिळवली आहे. ती केवळ निसर्गाची देणगी मानून तिच्यातून स्वास्थ्य घेणे म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर नकळत विसावणे होय. विसाव्याला आमची हरकत नाही. पूर्वेच्या किनाऱ्यावर ठोके ऐकून निघालेल्याने बोटीला अवकाश असल्यास पश्चिमेचे टोकही पाहून यावे, आणि या कलेविषयी वर्गात बोलणाऱ्याने दोन्ही हृदयांविषयी बोलावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.