बुडालेल्या भूमीचे बेडूक

केळापूर तालुक्यातील कपाशीची काळी माती ज्या खडकाची झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याच सुमारास भारताच्या पश्चिम कडेचा एक तुकडा फुटून दूर गेला. त्याचा बहुतेक भाग पुढे समुद्रात बुडाला. वर उरली ती सेशेल्स बेटे. (स्क्लेटरसाहेबांनी १८६४ मध्ये कल्पिलेला ‘लेमुरिया’ खंड मात्र कागदावरच राहिला.)

या ताटातुटीचे जिवंत साक्षीदार कोण म्हणाल, तर बेडूक! सेशेल्समधले काही जेमतेम नखाएवढे. एका जातीला कानाचा पडदाच नाही. ती तोंडाच्या पोकळीने ऐकते, हे २०१३ मध्ये कळले. बेडकाला खारे पाणी मारक. तेव्हा हे पोहून आले म्हणावे, तर तेही पटत नाही.

२००३ मध्ये केरळच्या सह्याद्रीतील एका जांभळ्या, फुगीर, डुकराच्या नाकाडाच्या बेडकाची शास्त्रात नोंद झाली. वर्षभर जमिनीखाली वाळवी खायची आणि पावसाच्या तोंडाशी थोडे दिवस वर यायचे, हा त्याचा शिरस्ता. त्याचे सर्वांत जवळचे नातलग कोण? सेशेल्सचे ते नखाएवढे! त्याचे रान वेलदोड्याच्या मळ्यांसाठी तुटत आले आहे. आपल्या करंजीतला वेलदोडाही कदाचित तिकडचाच असेल.