वाचकांचे गोत

एम. ए.च्या वर्गात मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना एक गोष्ट दर वर्षी जाणवते. ‘विविधज्ञानविस्तार’, ‘मनोरंजन’, ‘सत्यकथा’ ही नावे विद्यार्थी भराभर सांगतात. ‘किर्लोस्कर’चेही नाव येते. पण १९२० मध्ये हे मासिक ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघाले आणि ते मुळात एका कारखान्याचे प्रसिद्धिपत्र होते, असे सांगितले की वर्गात हलके हसू उमटते. यंत्राविषयीचे लेखन म्हणजे नुसती माहिती, साहित्य त्याहून निराळे, हा आपल्या विद्याशाखेचा जुना पूर्वग्रह त्या हसण्यात आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा तो घ्यायला शेतकरी तयार नव्हता. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर ओतणे हे कारखान्याचे काम. पण तो वापरणाऱ्याच्या मनातली शंका दूर करणे हे भाषेचे काम होते. ‘खबर’चे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे, यंत्रविद्येचे नव्हे. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो.

‘खबर’ जाहिरातीसाठी निघाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण केवळ ग्राहकांच्या आधारावर १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले नसते. ग्राहक वस्तू घेऊन जातो. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहतो. कारखान्याच्या पत्राला नांगराशी काहीही संबंध नसलेला वाचक मिळाला, ही माझ्या मते मराठी वाङ्मयव्यवहारातील एक मोठी घटना आहे. आपल्या अभ्यासक्रमात मात्र ती एका ओळीत संपते.

आजही एखादा अभियंता, शिक्षक किंवा कारागीर एकट्याच्या बळावर मराठीत तंत्रविषयक लेखन सुरू करतो. बहुधा काही महिन्यांत तो थकतो आणि ‘मराठीत वाचकच नाही’ म्हणतो. दोष नेहमी वाचकाचाच असतो का? आमच्या भागात विहिरीवरच्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हला शेतकरी ‘फुटबॉल’ म्हणतात. पाइपाच्या तळाशी बसणारी ही झडप पाणी परत खाली उतरू देत नाही. ती गळू लागली की मोटर पाणी ओढत नाही. जो लेखक ‘फुटबॉल’ला हसतो किंवा तेथे कोशातला अवघड प्रतिशब्द बसवतो, त्याच्याभोवती माणसे जमत नाहीत. जो तो शब्द जसाच्या तसा स्वीकारून झडपेचे कार्य समजावतो, त्याला दुसरा शेतकरी आपल्या विहिरीची अडचण सांगतो. तिसरा त्यावर स्वतःचा उपाय सुचवतो. लेखक चुकला असेल तर चौथा ती चूक दाखवतो, आणि लेखक ती मान्य करतो. वाचकसमुदाय असा घडतो. तो लेखकाच्या ज्ञानाने सुरू होतो हे खरे, पण टिकतो तो वाचकाच्या अनुभवाला तेथे मान मिळाल्याने.

ज्ञानभाषा या शब्दावर आपण परिसंवाद पुष्कळ घेतले. पण परिभाषा समितीच्या बैठकीत ठरलेला शब्द अशा देवघेवीतून गेल्याशिवाय रुळत नाही. हे काम एकट्या तंत्रज्ञावर सोपवून मराठीच्या प्राध्यापकांनी दूर राहणे मला योग्य वाटत नाही. विद्यार्थ्यांना कवितेबरोबर यंत्राविषयीचा एखादा चांगला उताराही वाचायला द्यावा. गावात कोणी असे लिहीत असेल, तर त्याचे पहिले वाचक आपण व्हावे आणि जे कळले नाही ते त्याला मोकळेपणाने विचारावे. चित्रकार संपादकाला नांगराविषयीच्या पत्राचे कमीपण वाटले नाही. आपल्याला तरी ते का वाटावे?