मूल्यशिक्षणाचा तास

आमच्या जबलपुरात १९६१चा फेब्रुवारी आठवणारी माणसं आता मोजकीच उरली. फाळणीनंतरची ती पहिली मोठी दंगल. नेहरू हादरले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषद उभी राहिली. गंमत अशी, की जेमतेम वर्षभर आधी, जानेवारी १९६०मध्ये, श्रीप्रकाश समितीने केंद्राला सांगून ठेवलं होतं : मोठ्या धर्मपुरुषांची चरित्रं आणि शिकवण शाळेत शिकवा. श्रीप्रकाश तेव्हा मुंबई राज्याचे राज्यपाल होते. समितीचं ऐकलं असतं तर दंगल टळली असती, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. तिच्यामागे बिडीच्या धंद्यातली चुरसही होती.

पण मे २०२३मध्ये एनआयएने इसिसशी संबंधाच्या आरोपावरून इथल्याच तिघांना पकडलं, तेव्हा तो अहवाल पुन्हा आठवला. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. माझा प्रश्न इथल्या इतर तरुण पोरांचा आहे. देवबंदने २००८मध्येच दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. ते ऐकतो तो मदरशात जाणारा. ज्याने ग्रंथ उघडलेलाच नाही, त्याला मोबाइलवर आलेली एक ओळ म्हणजेच अख्खा धर्म वाटतो. गीतेचा एक अध्यायही न वाचता तिच्या नावाने हाणामारीला निघणारी आपली पोरं काही वेगळी नाहीत.

शाळा मात्र घटनेच्या कलम २८कडे बोट दाखवतात. पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे खरंच. पण २००२च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एखाद्या धर्माची दीक्षा आणि सगळ्या धर्मांचा अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. त्यावर स्वतंत्र निकालपत्र लिहिणारे न्या. धर्माधिकारी आधी जबलपूरच्याच उच्च न्यायालयात होते.

असा अभ्यास कसा करावा, ते विनोबांनी दाखवलं. कुराण मुळातून वाचण्यासाठी ते अरबी शिकले, आणि १९६२मध्ये त्यांचं ‘कुराणसार’ आलं. एवढी खटपट शिक्षकाकडून कोण मागतो? धर्मांवरचे चार प्रश्न न घाबरता ऐकून घेतले तरी खूप झालं. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला यासाठी मूल्यशिक्षणाचा तास मिळतो, शनिवारी शेवटचा. परीक्षा जवळ आली की तो गणितवाले घेतात.