मोडलेला डाव मांडताना

धानाची कापणी आटोपली, की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. नागभीडच्या परिसरात गावोगावी मंडपांतून रात्रभर कौटुंबिक नाटके रंगतात. प्रियकराने वाऱ्यावर सोडलेली नायिका तान्हे मूल घेऊन रंगमंचावर आली, की प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. परंतु तशीच एखादी स्त्री शेजारच्या आळीत राहात असेल, तर तिच्या वाट्याला ही सहानुभूती येत नाही. एखादा तरुण मुलासह तिचा स्वीकार करण्यास पुढे आलाच, तर त्याच्या घरचेच प्रथम त्याला वेड्यात काढतात. रंगमंचावरील करुणा पहाटे मंडपातच का राहून जाते?

या प्रश्नाची मुळे केवळ नीतिकल्पनांत नाहीत, ती अर्थव्यवहारातही आहेत. धानाचा हंगाम संपला, की या भागातील शेतमजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. परमुलखात ओळखी होतात, वचने दिली जातात. हंगाम सरतो, तोंडी वचनेही विरतात. उदरातील जीव मात्र हंगामाबरोबर सरत नाही. ज्या स्त्रीचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, तिला तान्ह्या मुलापायी त्या मजुरीलाच मुकावे लागते. पुरुष मोकळा, खर्च सारा तिच्या माथी, असा हा विषम व्यवहार आहे.

दुसऱ्या विवाहाला होणारा विरोध लोकलज्जेच्या भाषेत बोलला जातो. त्याच्या तळाशी पुष्कळदा धानाच्या दोन बांध्यांची चिंता असते. 'परक्याचे मूल वाटेकरी होईल' ही ती भीती. वस्तुतः हिंदू वारसा कायद्यानुसार सावत्र पित्याच्या मिळकतीवर अशा मुलाचा आपोआप हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी रीतसर दत्तकविधान वा मृत्युपत्र लागते. आदिवासींना तो कायदा लागू नाही. तेथे रूढीच प्रमाण मानली जाते. तात्पर्य, कुटुंबाची भीती बव्हंशी निराधार आहे आणि मुलाची असुरक्षितता मात्र खरी आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८५६ साली विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली, तरी वाट चुकलेल्या विधवेला आधार नव्हता. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवेत उभा राहिला. समाजाने ज्याचा जन्मच नाकारला असता, त्याने समाजाचे ऋण असे फेडले.

अशा स्त्रियांना आधार दिल्याने स्वैराचार फोफावेल, असा आक्षेप घेतला जातो. पण शिक्षा भोगतो कोण? पळून गेलेला पुरुष नव्हे. भोगते ती आई, आणि ज्याने जन्म मागितला नव्हता ते मूल. कायद्याने हा न्याय केव्हाच नाकारला आहे. विवाहबाह्य अपत्याच्याही पोटगीची जबाबदारी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पित्यावर टाकली होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ती कायम ठेवली आहे. अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानेही घेतला.

उणीव आहे ती हे हक्क तालुक्याच्या गावी पोहोचविण्याची. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधिसाह्य देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. तिची माहिती मिरचीच्या मळ्याकडे निघणाऱ्या मजूर स्त्रीपर्यंत जावयास हवी. मजुरीच्या जागी पाळणाघर हवे. दुसरा विवाह होत असेल तेथे मुलाच्या दत्तकविधानाचा प्रश्न लग्नाआधीच निकालात निघावा. अशा स्त्रीसाठी दुसरा विवाह हा एकमेव आसरा राहता कामा नये. तिच्या हाती काम आणि मुलाला नाव असेल, तरच तिचा होकार खऱ्या अर्थाने तिचा ठरेल. मंडपात डोळे पुसणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.