रिकामा माळ

सुट्टीच्या आधीचा शेवटचा तास होता आणि मी वर्गात 'बनगरवाडी' शिकवीत होतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली आली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण माणदेश कसा असतो, असे कुणी विचारले की आम्ही त्या मुलखातली माणसे अजून ह्याच पुस्तकाकडे बोट दाखवितो. एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, माळ म्हणजे नेमके काय?" मुलगी शहरातली. मी म्हणालो, "माळ म्हणजे उघडी, रिकामी जमीन. जिथे काही नसते ती." तिने ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले.

घंटा झाली. चहा घेताना ते वाक्य मला टोचू लागले. वीस वर्षे शब्दांचे अर्थ सांगून मी पोट भरतो आहे, आणि ज्या शब्दावर माझे सारे बालपण गेले त्याचाच अर्थ मी खोटा सांगितला होता. खरे म्हणजे तो अर्थ माझा नव्हेच. तो सरकारी दप्तरातला. इंग्रजी अमदानीत जिच्यातून सारा निघत नाही ती जमीन पडीक ठरली, आणि ते नाव तिला चिकटून बसले. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध झाले. त्यांतही गवताचे आणि खुरट्या झुडपांचे मोठमोठे पट्टे पडीक म्हणूनच रंगविलेले आहेत. दप्तराचे एक वेळ सोडा. पण मराठीच्या मास्तराने तसे म्हणावे?

त्यातून माझ्या खिशात त्या दिवशी एक कागद होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

म्हसवड हे माझे गाव. सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माणगंगेच्या काठी. सातारा म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरचे धुके येते. तिथे वर्षाला दोनशे इंचांवर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात आमच्या वाट्याला अठरा-वीस इंच, तोही मनात आले तर. घोंगडी, खिल्लार बैल आणि दुष्काळ ह्या तीन गोष्टींसाठी आमचे नाव. दिवाळीच्या पाडव्याला सिद्धनाथाचे घट बसतात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास देवाचे लग्न लागते आणि मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला रथ निघतो. म्हणजे इतर गावांची दिवाळी आटोपते तेव्हा आमची सुरू होते. त्यामुळे सुट्टीत मी घरी जातो तो घाईने परतण्याच्या बोलीवर जात नाही.

गावाच्या वायव्येला शंभूमहादेवाची डोंगररांग. रांगेवर कुळकजाईजवळ सीतामाईचा डोंगर आहे. संक्रांतीला बायका तिथे वाण घेऊन जातात. त्याच्या एका उताराला बाणगंगा निघते, ती नीरेकडे जाते. दुसऱ्या उताराला माणगंगा निघते, ती आमच्या गावावरून भीमेकडे. रांगेच्या पूर्व भागात शिखर शिंगणापूर, उंची सुमारे हजार मीटर. माथे सगळे सपाट, लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेले. खाली काळा पाषाण, वर वीतभर मुरूम, आणि मुरमावर गवत. झाड म्हणाल तर ओढ्याच्या कडेला हिवर, बाभूळ, बोर; उतारावर पिवळ्या फुलांची तरवड. तरवडीला शेळीसुद्धा तोंड लावीत नाही, म्हणूनच ती टिकून आहे.

ह्या वर्षी भाऊबीज झाल्यावर मी दहिवडीची एस.टी. धरली आणि तिथून शिंगणापूरच्या सडकेवर, डोंगराच्या अलीकडे उतरलो. तिथे आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरोब्याच्या एका धनगराचा वाडा पडलेला असतो. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. वाघरीचे जाळे लावून मेंढरे कोंडायची, बाजूला तीन दगडांची चूल मांडायची आणि घोड्यावरून आणलेला संसार उतरवून ठेवायचा, त्याला वाडा म्हणतात. तात्यांची सत्तरी उलटली आहे. मी लहान असताना त्यांनी मला खांद्यावर घेऊन हा डोंगर दाखविला होता. आता ते मला 'मास्तर' म्हणतात आणि मी त्यांना 'अहो-जाहो' करतो. बालपणी अरे-तुरे ऐकून घेतलेल्या माणसाकडून असा मान मिळाला की उगीच चोरट्यासारखे होते.

सकाळी दिवस कासराभर वर आला तेव्हा आम्ही ओढ्यातल्या एका डबक्याच्या वर बसलो होतो. तात्या म्हणाले, "गप बसा. आत्ता येतीलच." आणि खरोखर आल्या! पाच-सहा पखुर्ड्या, घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा आवाज करीत, बाणासारख्या. डबक्यापासून थोड्या दूर उतरल्या, अंदाज घेतला, तुरुतुरु पाण्यापाशी गेल्या, घटाघटा प्याल्या आणि उडाल्या. सगळे मिळून मिनिटभराचे काम. ह्या पक्ष्याचे खाणे कोरडे बी. तेव्हा रोज ठरल्या वेळेला पाण्यावर आल्यावाचून त्याला गत्यंतर नाही. पिले लहान असली की नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो, तसाच उडत जातो आणि पिले ती पिसे चोखून तहान भागवितात. शिंगणापूरच्या कावडीची परंपरा माणसांनी सुरू केली असे मी समजत होतो.

वर माथ्यावर गेलो. कार्तिकातले गवत गुडघ्याएवढे, पिकून पिवळे झालेले. कुसळी, मारवेल, पवन्या. कुसळीचे बी ज्याच्या पायमोज्यांत शिरले आहे त्याला तिचे वर्णन सांगायला नको. त्या बियेला पिळलेले लांब कूस असते. हवेत ओल आली की पीळ सुटतो, कोरड पडली की पुन्हा बसतो, आणि असा फिरत-फिरत तो दाणा गिरमिटासारखा जमिनीत जातो. माळ स्वतःची पेरणी स्वतः करतो. तिफण लागत नाही, बैल लागत नाही.

एवढ्यात पायांजवळून एक चिमणीएवढा पक्षी उठला, तडक वर गेला, पंख मिटून दगडासारखा खाली आला, जमिनीला टेकणार तोच पुन्हा उसळून वर. त्याला डोंबारी म्हणतात. ज्याने हे नाव ठेविले त्याने डोंबाऱ्याचा खेळही मन लावून पाहिला असला पाहिजे. पुढे टिटवीने आरडाओरडा करून आम्हाला आमची चूक दाखविली. गवतावर अगदी खालून, डुलत-डुलत एक भोवत्या ससाणा फिरत होता. हा पाहुणा मध्य आशियातून येतो. रात्री झाडावर बसत नाही. गवतातच, आपल्या जातभाईंच्या सोबतीने मुक्काम करतो. त्याला आमच्या माळावर झाड नको आहे. हे वाक्य मी त्या वेळी मनात म्हटले आणि खिशातला कागद जड झाला.

पक्षी गेला तर काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. ह्याच जिल्ह्यात पश्चिमेला चाळकेवाडीचे पठार आहे. तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले. पण त्या सरड्यांची भीती चेपली, ते माणसाला जवळ येऊ देऊ लागले, आणि नराच्या गळ्याखाली निळा-केशरी पंखा असतो त्याचा रंग फिका पडला. घार दिसेनाशी झाली आणि सरड्याचा रंग उतरला. असला धागा डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तो नाही असे आपण धरून चालतो.

लांडगा मला दिसला नाही. तात्यांनी ओलसर मातीत त्याचा माग दाखविला. "परवा राती गेलाय. मादी जागा हुडकत असंल," ते म्हणाले. थंडीत तिला पिले होतात. सगळ्या देशात आता हा प्राणी तीन हजारांच्या आसपास उरला आहे, असे जाणकार सांगतात. तात्यांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो इथे छापण्याजोगा नाही. श्रावणात त्याने त्यांचे कोकरू नेले होते. तरी बीळ कुठे आहे हे तात्या मला सांगेनात. तरुणपणी त्यांच्या भावाने एका बिळात धूर कोंडला होता. आतली पिले मेली आणि त्यानंतर मादी महिनाभर वाड्याभोवती रात्री रडत फिरत होती. "तवापास्नं न्हाई," एवढेच ते म्हणाले. आता त्यांना लांडग्यापेक्षा गावाची मोकाट कुत्री जड जातात. लांडगा एक नेतो. कुत्री दहा फाडून टाकतात आणि एकही धड खात नाहीत. चिंकारा हरणाच्या मागे लागतात तीही हीच.

दुपारी भाकरी खाताना मी वर्गातली गोष्ट त्यांना सांगितली. ते हसले. "रिकामा कशाला म्हंता? तुमास्नी दिसंना म्हंजी रिकामा हुतोय व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "त्या साली तुमीबी तसंच म्हनला हुता."

तात्या विसरले नव्हते. २०१८ च्या जुलैत राज्यभर १३ कोटी झाडे लावण्याची मोहीम निघाली होती. आमच्या महाविद्यालयातर्फे मी शंभर मुले घेऊन ह्याच रांगेच्या एका गायरानावर आलो. 'ह्या उघड्या माळाला आपण हिरवा शालू नेसवू,' असे भाषण केले. मराठीच्या प्राध्यापकाला असली भाषणे करण्याची खोड असते. गवत उपटून आम्ही सहाशे खड्डे घेतले. त्या वर्षी पावसाने पाठ फिरविली. दिवाळीला येऊन पाहिले तर कडुनिंब, वड, चिंच सगळे वाळून काटक्या. गिरिपुष्पाची तेवढी जगली. त्याला गुरे खात नाहीत. आणि २०१९ सालच्या आरंभी म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. पेंढी-पेंढीसाठी माणसे गुरे घेऊन रांगेत उभी होती. त्यांत तात्यांचा चुलतभाऊ होता. त्या गायरानावर दर वर्षी त्याची जनावरे चरत. त्याने मला पाहिले, नमस्कार केला आणि कसे काय विचारले. तो काही बोलला असता तर बरे झाले असते.

मी पाण्याच्या कामाविरुद्ध नाही. आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ साली पाणलोटाच्या स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. उन्हात राबणारी ती माणसे पाहून कुणाचीही मान आदराने खाली जावी. ओढ्याकाठी, बांधावर, शाळेभोवती झाडे हवीतच. माझी चूक एवढीच की झाड जिथे नाही तिथे काहीच नाही, असे मी समजलो.

दुपारनंतर शिखराकडे चालू लागलो. तात्या शिंगणापूरच्या वेशीपर्यंत आले. वाटा कशा ओळखाव्यात हे त्यांनी मला पुन्हा एकदा शिकविले. मेंढरांची वाट एक नसते. उताराला आडव्या, एकीखाली एक अशा आठ-दहा रेघा असतात आणि त्या कधी दम लावत नाहीत. माणसाची वाट खिंडीकडे पाहून चालते. गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांमध्ये गवताचा माथा उरतो. कावडीची वाट मात्र वेडी. मालोजीराजांनी बांधलेले तळे आणि शंभूमहादेवाचे देऊळ मागे टाकून उत्तरेच्या कड्याशी गेले की मुंगी घाट लागतो. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडकडची भुतोजी तेल्याची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन ह्याच कड्याने वर चढते. माणसांची साखळी होते, वरचा खालच्याला हात देतो, 'म्हाद्या, धाव!' अशी महादेवालाच एकेरीत हाक घालतात. पक्की सडक झाली आहे, पण कावड सडकेने येत नाही.

बाकीच्या वाटांचे तसे नाही. मोटारसायकली आल्या आणि खिंडीतल्या पायवाटांवर गवत आले. कालव्याचे पाणी जसजसे येते आहे तसतसे खालचे माळ फुटताहेत. त्याचे मला दुःख करता येत नाही. आमच्या तीन पिढ्यांनी त्या पाण्याची वाट पाहिली. पण शेताला तारेचे कुंपण येते आणि मेंढरांची वाट तिथे अडते. दिवाळी झाली की धनगर पश्चिमेकडे निघतात. वाटेत शेतात मेंढरे बसवायची, खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे, असा शे-दोनशे वर्षांचा व्यवहार. तात्यांना गेल्या वर्षी दोन ठिकाणी कोसभर वळसा पडला आणि तिसऱ्या ठिकाणी डांबरी सडकेवरून जाताना मालमोटारीखाली सात मेंढ्या गेल्या.

आता त्या कागदाचे. पुढच्या पावसाळ्यात झाडे कुठे लावायची त्या जागेचे नाव महाविद्यालयाने मागविले आहे. समितीवर मी आहे, कारण मी 'त्या भागातला'. कागदावर छापलेलेच आहे : 'उपलब्ध पडीक क्षेत्र', आणि पुढे रिकामी रेघ. ती रेघ मी प्रवासात तीनदा काढून पाहिली. 'गायरान वगळून' असे लिहावे, तर कारण काय द्यायचे? डोंबारी नावाचा एक पक्षी असतो, असे?

वेशीपाशी तात्या थांबले. परवा त्यांचा वाडा हलायचा होता. काठी काखेत धरून त्यांनी हात जोडले.

"मिरगाच्या आत माघारी येतो, मास्तर. तवर वाट तेवढी मोकळी ऱ्हाऊ द्या."

मी 'हो' म्हटले. ते वळले आणि मेंढरांच्या त्या आडव्या रेघांवरून, दम न लावता, उतरू लागले. मी खिशातून पेन काढले. पण लिहायला टेकू हवा म्हणून ज्या दगडाशी वाकलो, त्याच्या आडोशाला एक टिटवी बसली होती. ती ओरडत उठली आणि मी तिथून बाजूला झालो.