आधी त्यांची चव, मग आपली फोडणी

मागच्या महिन्यात मी घरी बल्गेरियन सूप केलं आणि ते बिघडवलं. करपलं नाही, खारटही झालं नाही. उलट घरच्यांनी वाडगे पुसून खाल्ले. तरी मी म्हणतो, बिघडवलं. का, ते सांगतो.

सुरुवात झाली दह्यापासून. बीएस्सीच्या एका मित्राच्या वहीत ‘लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस’ हे नाव दिसलं. जिवाणूला देशाचं नाव कसं काय, म्हणून शोधलं. जिनिव्हात वैद्यक शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने 1905 साली आपल्या गावाकडच्या दह्यात तो जिवाणू शोधला होता. तिथून वाचत वाचत मी पोचलो बल्गेरियाच्या स्वयंपाकघरात. तिथे दही नुसतं ताटात वाढत नाहीत, सूपमध्येही घालतात. घरोघरी होणारं असं एक सूप म्हणजे ‘सुपा तोपचेता’. तोपचेता म्हणजे छोटे गोळे. खिम्याचे गोळे, गाजर, बटाटा, थोडा तांदूळ, आणि शेवटी दही-अंड्याचं मिश्रण. त्या मिश्रणाला ते ‘झास्त्रोयका’ म्हणतात.

रविवारी मिस्साहून आल्यावर मी कामाला लागलो. अर्ध्यावर रस्सा चाखून बघितला. मीठ, मिरी, भाज्यांचा गोडवा, बस्स. मी घाबरलो. हे कोण खाणार? मग घातली आलं-लसणाची पेस्ट. मग दोन हिरव्या मिरच्या. मग गरम मसाला, वरून कोथिंबीर. दही घालायचा तर धीरच झाला नाही. पप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “मस्त झालंय रे! पण हे आपलं खिम्याचं कालवणच की!”

ते कौतुकच होतं, पण मला लागलं. इतक्या लांबचा पाहुणा घरी बोलावला आणि तो दारात पाऊल ठेवायच्या आत त्याला आपले कपडे घालून बसवलं. तो कसा दिसतो, ते कुणी बघितलंच नाही.

म्हणून माझं मत असं : दुसऱ्यांचा पदार्थ करताना जे मिळत नाही ते खुशाल बदलावं, पण जे आवडणार नाही असं नुसतं *वाटतं*, ते बदलू नये. पहिला बदल अडचणीपोटी होतो, दुसरा भीतीपोटी. दोन्ही सारखे नाहीत.

पुढच्या रविवारी पुन्हा केलं. या वेळी अडचणीपुरतेच बदल. तिकडे बहुतेकदा डुकराचं आणि गाईचं मांस मिसळून खिमा घेतात. मी बोकडाचा पाव किलो आणला. त्यात अर्धा कांदा बारीक चिरून, दोन चमचे तांदूळ, मीठ, मिरपूड. ‘चुब्रित्सा’ नावाची सुकी पानं ते सढळ हाताने वापरतात, थाइम-ओरेगानोच्या जवळची. ती इथे कुठली? परसातल्या ओव्याचं एक पान चुरडून घातलं. तिकडच्या गोड लाल मिरचीच्या पुडीऐवजी अर्धा चमचा ब्याडगी, कारण ती रंग देते आणि फार तिखट नसते. आणि शेपू! आपण नाकं मुरडतो तो शेपू तिकडच्या स्वयंपाकात लाडका आहे, आणि बेळगावच्या बाजारात ढिगाने मिळतो. कांदा, गाजर, बटाटा, ढोबळी मिरची दीड लिटर पाण्यात उकळली, त्यात बोराएवढे गोळे सोडले आणि आतला तांदूळ शिजेपर्यंत, म्हणजे अर्धा तास, मंद आचेवर ठेवलं.

मग झास्त्रोयका. एक वाटी आंबट दही आणि एक अंडं फेटलं आणि थेट उकळत्या पातेल्यात ओतलं. क्षणात सगळ्या रश्शात पांढऱ्या गुठळ्या.

आजी ओट्याशी उभी राहून बघत होती. “कढी फुटते तशी फुटली बघ. दह्याला पीठ लावलंस का? आणि गरम एकदम गारात मिसळतात होय?” मी थोडा रस्सा आधीच बाजूला काढला होता, म्हणून वाचलो. या वेळी दह्या-अंड्यात चमचाभर मैदा फेटला, त्यात गरम रस्सा पळी-पळीने घालत ते कोमट केलं, गॅस बंद केला आणि मग बारीक धारेने पातेल्यात सोडलं. फुटलं नाही. नंतर वाचलं तर बल्गेरियन बायकाही हेच करतात, काही जणी पीठसुद्धा लावतात. आजीने बल्गेरिया नकाशावरही बघितलेला नाही. पण तिची कढी आणि त्यांचं सूप यांची अडचण एकच, आणि तोडगाही एकच. मी आधीसारखा मसाला ओतला असता, तर हे मला कधीच कळलं नसतं.

इथे कुणी म्हणेल, अरे, पदार्थ बदलतच असतात, एवढा सोवळेपणा कशाला? बरोबर आहे. बटाटा आणि मिरची त्यांच्याकडेही अमेरिकेतूनच आली आणि आपल्याकडेही. सूपला त्यांचा जुना शब्द ‘चोर्बा’. तो तुर्कांकडून आला, आणि तुर्कांकडे फारसीतून. आपला ‘शोरबा’ त्याचाच भाऊ. 6 मे रोजी, संत जॉर्जच्या सणाला, तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कोकराची ‘कुर्बान चोर्बा’ करतात. सण ख्रिस्ती, शब्द अरबीतून आलेला, आणि तो मराठी माणसालाही समजतो. तेव्हा शुद्ध असं काही नसतं, हे मलाही मान्य आहे. पण हे बदल लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन, जगून केले. मी माझा बदल दहा मिनिटांत, न चाखता केला होता. फरक तेवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

मला हे एवढं का टोचतं? कारण आपल्यातल्या अनेकांना असं न चाखता मसाला लावला जातो. माझं नाव ऐकलं की लोक विचारतात, “तुम्ही ख्रिश्चन ना, मग घरी इंग्लिशच बोलत असाल?” मी मराठीतच उत्तर देतो, तरी त्यांना त्याचं कौतुक वाटतं, जसं काही मी दुसऱ्याची वस्तू वापरतोय. सीमाभागातलं आपलं मराठी ऐकून काही पाहुणे पहिल्याच वाक्याला दुरुस्ती सुरू करतात. वाक्य पुरं ऐकायचं राहूनच जातं. तेव्हा आपल्याला राग येतो. मग तोच न्याय आपण आपल्या चुलीवर का लावू नये?

आजीने त्या दिवशी वाडगा हातात घेतला तेव्हा म्हणाली होती, “हे आजाऱ्याचं जेवण दिसतंय.” दोन घासांनंतर म्हणाली, “आंबट बरं लागतंय.” दुसऱ्यांदा वाढून घेतलं, पण सोबत लोणच्याची फोडही घेतली. मी काही बोललो नाही. तिने आधी चाखलं होतं.

सुट्टीत घरी जाल तेव्हा करून बघा. मसाल्याचा डबा फक्त पहिल्या वाडग्यापुरता बंद ठेवा. दुसऱ्या वाडग्याला तुम्ही मोकळे.