गर्भनिरोधनाची साधने व निवड हा स्त्रीचा हक्क मानणेबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, वाशिम

विषय : गर्भनिरोधक साधनांचा नियमित पुरवठा, दोन अपत्यांची अट रद्द करणे व राजकीय पक्षांनी याबाबत भूमिका जाहीर करणे.

महोदय,

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील आम्ही महिला आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

संततिनियमनाचा प्रचार व्हावा व त्याची सोय सरकारने करावी, असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत मांडला. ठरावावरील भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. पुढे १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आधी सोयीला नकार, नंतर थेट सक्ती. बाईची मर्जी दोन्ही वेळा बाजूलाच राहिली.

आजही भार तिच्यावरच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झाली आहे, पुरुषाची केवळ ०.३ टक्के जोडप्यांत. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे.

तात्पुरत्या उपायांतही अडचणी आहेत. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. दिवाळीनंतर तांड्यावरची बाई ऊसतोडीला जाते, तेव्हा तिची पुढची तारीख परजिल्ह्यातल्या फडावर येते. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यायची असते. पाकीट संपले आणि नवे मिळाले नाही, तर उपाय तिथेच थांबतो.

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक उपकेंद्रात निरोध, माला-एन, छाया, अंतरा व तातडीच्या गोळ्यांचा साठा कायम ठेवावा आणि तो दर महिन्याला फलकावर लिहावा.

२. स्थलांतरित महिलांना निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या व अंतराचे कार्ड द्यावे; कोणत्याही जिल्ह्यात ते कार्ड पाहून इंजेक्शन मिळावे.

३. आरोग्य कर्मचाऱ्यांवर नसबंदीचे उद्दिष्ट लादू नये. सर्व पर्याय समजावून, स्त्रीच्या संमतीनेच उपाय करावा. पुरुष नसबंदीसाठी गावोगाव समुपदेशन व्हावे.

४. अविवाहित महिलांना नवऱ्याचे नाव न विचारता, गोपनीयता राखून सेवा द्यावी.

५. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवता येत नाही. आमदार-खासदारांना अशी अट नाही. मूल किती हे ठरवण्याचा अधिकार ज्या घरात बाईला नाही, तिथे तिची उमेदवारी मात्र जाते. ही अट रद्द करावी.

६. सर्व पक्षांनी गर्भनिरोधनाबाबतची भूमिका जाहीरनाम्यात लेखी मांडावी, ही आमची मागणी शासनाने सर्वपक्षीय बैठकीत ठेवावी.

वरील मागण्यांवर झालेली कार्यवाही आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती.

आपल्या नम्र,
वाशिम जिल्ह्यातील महिला
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव :
१. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशिम
२. मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, वाशिम
३. सर्व राजकीय पक्षांचे जिल्हाध्यक्ष